जुना एकशे बारा, नवा एकशे चाळीस

"एकशे सात?" मी विचारलं.

बायडाबाईंच्या हाताखाली काटवटीत भाकरी गरगर फिरत होती. त्यांनी मान वर केली नाही.

"येकशे सात म्हंजी आमच्या चांगुणाचं. तीन वर्साची हुती. देवीची साथ आल्ती. पाळकांनी नंबर पुकारला अन् म्या उचललं, पन दुसऱ्या कडव्याला गळाच धरला. मग पुढचं मालकांनी म्हनलं."

भाकरी तव्यावर पडली. पाण्याचा हात फिरवत त्यांनी गाण्याची पहिली ओळ हलक्या आवाजात म्हटली. मी नव्या पुस्तकात ती ओळ शोधली आणि वहीत लिहिलं : जुना १०७, नवा २५.

"एकशे आठ?"

"ते लग्नाचं. सूर्यभानच्या लग्नातलं. नवरी रुसली हुती, तोंडच उघडंना. आमी च्यार कडवी म्हनली तरी 'व्हय' म्हनंना. पाचवं कडवं त्या गान्याला न्हाईच. मग पयलं परत म्हनलं."

"आणि एकशे नऊ?"

"ते कुनी म्हनीत न्हाई. सायबानं इलायतेतनं चाल आनली, ती आमच्या गळ्यात काय बसंना." एवढं बोलून त्यांनी ते गाणं एकही सूर न चुकवता म्हणून दाखवलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

हे १९४६ सालचं, दिवाळीनंतरचं. मी पुण्याहून बी. एस्सी. होऊन आले होते आणि आमच्याच गावातल्या मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आमचं गाव देवळाली प्रवरेच्या पुढे, कालव्याला लागून. बायडाबाई शाळेच्या बोर्डिंगात भाकरी करत, सकाळी दीडशे आणि संध्याकाळी दीडशे. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण तीस वर्षं चर्चमध्ये पाळकांनी गीताचा नंबर पुकारला की ते गीत उचलायचं काम त्यांचं होतं. पहिली ओळ त्यांची, मग सगळ्यांची. स्वर द्यायला काही साधन नव्हतं. मी एकदा शाळेतला, ठोकला की एकच सूर देणारा नादकाटा पदराखाली लपवून चर्चमध्ये नेला होता. पाच रविवार तपासलं. एकच गीत त्यांनी पाचही वेळा एकाच स्वरात उचललं. फरक असलाच तर माझ्या कानाला कळला नाही.

नंबर त्यांच्या लक्षात राहिले होते ते माणसांमुळे. एकशे सात म्हणजे चांगुणा, एकशे आठ म्हणजे रुसलेली नवरी. जुन्या पुस्तकात दोनशे अकरा गीतं होती. ती लिहून घेता घेता मला वस्तीतल्या तीस वर्षांतल्या बहुतेक जन्म, लग्नं आणि मरणं कळली.

जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता करायची वेळ आली भांडणामुळे. ईस्टरच्या सुमाराला गीतांचं नवं पुस्तक आलं. त्यात गीतं बहुतेक तीच, पण क्रम निराळा. माझे वडील, आमचे आप्पा, म्हणजे शामकांत मास्तर, शाळेचे मुख्याध्यापक होते. वरच्या आळीनं त्यांच्या शब्दावर नवं पुस्तक घेतलं, पेटी आणली, आणि पंचांच्या सभेत ठरवून टाकलं की यापुढे चर्चमध्ये ढोलकी वाजणार नाही.

"ढोलकी तमाशात वाजते," आप्पा सभेत म्हणाले होते.

"अन् पेटी कुटं वाजती मास्तर?" खालच्या आळीच्या सूर्यभाननं विचारलं. तो कालव्यावर मुकादम होता आणि त्याचा आवाज कालव्याच्या पल्याड ऐकू जाई. "बैठकीच्या गान्याला पेटी न्हाई व्हय? का तुमी कवा गेलाच न्हाई?"

लोक हसले, आणि त्या हसण्यानं काम बिघडलं. दुसऱ्या रविवारपासून चर्चमध्ये दोन सतरंज्या पडू लागल्या. उजवीकडे वरची आळी, डावीकडे खालची. उजवीकडचे गात असले की डावीकडचे गप्प, आणि डावीकडचे गाऊ लागले की उजवीकडचे पुस्तक मिटून बसत. ख्रिस्ती होण्याआधी कोणाच्या आज्यानं काय वाजवलं आणि कोणाला कुठल्या विहिरीवर येऊ दिलं नाही, हे चर्चमध्ये कोणी बोलत नसे. पण सतरंजीवर बसताना ते सगळ्यांना आठवत असे.

ढोलकी वाजवायचे ते बायडाबाईंचे मालक, पुंजाराम. ठराव झाला त्या दिवशी त्यांनी ढोलकी खांद्यावर घेतली आणि घरी गेले. पावसाळ्यात त्यांची छाती धरली. दिवाळीला ते बाजेवरून उठेनासे झाले.

एके दिवशी संध्याकाळच्या भाकरी आटोपून बायडाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आप्पा वह्या तपासत होते.

"मास्तर, येक मागनं हाय."

"बोला, बायडाबाई."

"मालक काय बाजरीचं खळं बघत न्हाईत. डागदरबाईनी सांगितलं. म्हनलं, आदीच तुमच्या कानावर घालावं. त्येंच्या मातीला दोन्ही आळ्यांनी येकच गानं म्हनावं. येका टायमाला. बाकी मग सोमवारपासनं भांडा."

"मी कुठं भांडतो?"

"न्हाई, तुमी कुटं. तुमी शिकवताय. आमाला त्ये तसंच लागतं."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मी दाराआड उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "पेटी नाही, ढोलकीही नाही. नुसत्या गळ्यानं म्हणायचं. कबूल?"

जन्मभर ढोलकी वाजवलेल्या माणसाची बायको समोर बसली होती. ती थोडा वेळ हाताला चिकटलेलं पीठ नखानं खरवडत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

तिथून त्या सूर्यभानकडे गेल्या. तिथलं बोलणं मला नंतर कळलं.

"मास्तर आमच्या पुस्तकातनं म्हननार का?"

"न्हाई."

"मग आमी त्येंच्यातनं म्हनायचं? मला न्हाई जमायचं, बायडाक्का."

"तुजं तू म्हन, त्येंचं त्ये म्हनत्याल. नंबर दोन, गानं येक. पाळक दोन्ही नंबर पुकारतील."

आमचे पाळक आसाराम हे थकलेले, भल्या मनाचे गृहस्थ होते. गेले सहा महिने त्यांना दोन्ही सतरंज्यांकडे सारखं पाहून मानेचं दुखणं लागलं होतं. त्यांना हा तोडगा इतका आवडला की त्यांनी माझ्याकडे सबंध पुस्तकाचा तक्ताच मागितला. अशी मी वही घेऊन बोर्डिंगच्या चुलीपाशी जाऊन बसले.

तक्ता होत आला तेव्हा मी पुंजारामबाबांना भेटायला गेले. ते उशाला गोधडी लावून बसते केलेले होते. पेटी आणि ढोलकी दोन्ही नाही, हे त्यांना कळलं होतं.

"म्हंजी म्या मेल्यावर बी मास्तरांचंच ऐकायचं," ते म्हणाले आणि हसता हसता खोकू लागले. बायडाबाईंनी त्यांची पाठ चोळली. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कंचं गानं म्हननार?"

"येकशे बारा," बायडाबाई म्हणाल्या. "मोठ्या मानसाच्या मयतीला दुसरं कंचं हाय?"

"आसूंदे. झ्याक हाय. सगळी म्हनतील नव्हं?"

"सगळी."

"मग झालं."

पुढच्या आठवड्यात बुधवारी पहाटे ते गेले.

कबरस्तान गावाच्या उत्तरेला, कालव्यापलीकडच्या माळावर. दुपारी दोनच्या सुमाराला दोन्ही आळ्या तिथं जमल्या. खड्ड्याच्या एका अंगाला आप्पा आणि नवी पुस्तकं, दुसऱ्या अंगाला सूर्यभान आणि जुनी. मधे शवपेटी खाली सोडली होती. बायडाबाई उशाकडच्या बाजूला उभ्या होत्या. चांगुणाच्या वेळेपासून मयताच्या घरच्या माणसानं गीत उचलायचं नाही असा रिवाज पडला होता, म्हणून आज दोन्हीकडे ज्याच्या त्याच्या माणसानं उचलायचं ठरलं होतं. बायडाबाईंचे डोळे कोरडे होते आणि ते लोकांवरून फिरत होते. त्या माणसं मोजताहेत, असं मला वाटलं. मीही मोजली. दोन्ही आळ्यांतलं कोणी घरी राहिलेलं नव्हतं.

पाळकांनी प्रार्थना केली. मग माझा कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, "जुन्या पुस्तकात एकशे बारा. नव्या पुस्तकात एकशे चाळीस."

डावीकडून सूर्यभाननं सुरुवात केली :

'सांजावलं, दमला गडी,
दार उघड, देवा...'

उजवीकडे आप्पांनी पान काढलं आणि ते थबकले. मला त्यांची भुवई वर गेलेली दिसली. पण पुकारलेला नंबर म्हणायचा, असा त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत ते गणितासारखे होते. त्यांनी गायला सुरुवात केली :

'आणली रास, आणली रास, बापा, तुझ्या खळ्यात...'

ते सुगीचं गीत होतं. बाजरीची पहिली रास चर्चमध्ये आणतात त्या दिवशी म्हणायचं.

दोन गीतं एकमेकांवर आदळली. एका ओळीपर्यंत दोन्ही बाजूंनी नेट धरला, मग एकेक आवाज गळत गेला. कोणीतरी पोर फिसकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला धपाटा घातला.

"मयतीला सुगीचं गानं?" सूर्यभान खड्ड्याच्या कडेपर्यंत पुढे आला. "मास्तर, मेल्या मानसाची चेष्टा लावलीय व्हय?"

"पुकारला तोच नंबर आहे!" आप्पांनी पुस्तक उलटं करून त्याच्यापुढे धरलं. "बघा. एकशे चाळीस. विचारा पाळकांना."

"आमाला काय विचारायचं न्हाई. तुमाला यायचंच न्हवतं, त्ये सरळ सांगायचं हुतं!"

तोवर मला समजलं होतं. रविवारी दुपारी तक्त्याची स्वच्छ प्रत करताना माझी नजर एका ओळीनं घसरली होती. एकशे चाळीस हा जुन्या एकशे तेराचा जोडीदार. तो मी एकशे बाराच्या पुढं लिहिला. प्रयोगाच्या वहीत आकडा दोनदा पडताळायचा, हे मी रोज मुलींना सांगत होते. इथं मी एकदाही पडताळला नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. आवाज माझा मलाच पुरता ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हणाले, "आप्पा, तक्त्यात चूक आहे. माझी."

सूर्यभानच्या आवाजापुढं ते कोणाला ऐकू जाणार? पण बायडाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग पाळकांच्या हातातल्या कागदाकडं.

"गप ऱ्हा, पोरी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या एकशे बारा उचलतील. डावीकडच्या सगळ्यांना तसंच वाटलं असणार. ते त्यांच्याकडे पाहून थांबले. त्यांचं माणूस मेलं होतं आणि गीतही त्यांच्या बाजूचंच बरोबर होतं. त्यांनी ते उचललं असतं, तर आप्पा आणि वरची आळी मान खाली घालून मागून आली असती. आलीही असती, आणि ते कधी विसरलीही नसती.

बायडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आप्पांचं गीत उचललं.

'आणली रास, आणली रास, बापा, तुझ्या खळ्यात;
दाणा दाणा तुझाच होता आमच्या फाटक्या ओच्यात...'

"आक्का, आगं..." सूर्यभान म्हणाला.

त्यांनी ओळ पुरी केली आणि मगच बोलल्या. "ह्येच बरं हाय, सूर्यभान. येकशे बाराला मालकांच्या हाताला कवा कामच नसायचं. बसून ऱ्हायचं नुसतं. ह्ये गानं त्येंच्या हातचं. म्हना समदी."

आणि पहिली ओळ पुन्हा घेतली.

वरच्या आळीला ते म्हणणं भागच होतं, ते पुढ्यात उघडलेलं होतं. खालच्या आळीला पुस्तक लागतच नव्हतं. दुसऱ्या ओळीला सूर्यभानचा तो कालव्यापलीकडे जाणारा आवाज आला, जाड आणि फाटलेला, आणि त्याच्यामागून सगळी डावी बाजू. त्या गीताचा ठेका असा आहे की हात स्वस्थ बसत नाहीत. कोणी सुरू केलं ते मला दिसलं नाही, पण तिसऱ्या ओळीला टाळ्या पडू लागल्या, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे. टाळ्यांबद्दल कुठलाच ठराव झालेला नव्हता. आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या अंगठ्याचं नख मात्र पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बरोबर समेला पडत होतं.

त्या आवाजाचं मी काही मोजमाप केलं नाही. एवढंच सांगू शकते की शंभर-सव्वाशे गळे होते, कुठलंही वाद्य नव्हतं, वर उघडं आभाळ होतं, आणि तो आवाज खड्ड्याभोवती एखाद्या भरलेल्या खोलीसारखा उभा होता. सुगीचं तेच गीत मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यात माणसाचीही रास असू शकते, हे मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. बायडाबाईंना ते आधीपासून माहीत होतं की त्या क्षणी सापडलं, हे मी त्यांना पुढं कधी विचारू शकले नाही.

भांडण मिटलं नाही, हेही इथंच सांगायला हवं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पुन्हा दोन सतरंज्या पडल्या. मी तक्ता दुरुस्त केला आणि सगळे आकडे दोनदा पडताळले.

पण तो बुधवार अजून संपायचा होता. चार कडवी झाली, माती लोटून झाली, आणि कोणी घरी निघेना. वरच्या आळीतल्या कोणीतरी धृपद पुन्हा घेतलं आणि खालच्या आळीनं ते उचललं. मी बायडाबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. केव्हा थांबल्या होत्या कोण जाणे. त्यांच्यावाचून गीत चाललं होतं आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. लोक गात असतानाच त्या ओल्या ढिगाऱ्याशेजारी खाली बसल्या, उजवा तळहात मातीवर सपाट ठेवला, आणि धृपद तीनदा होऊन लोकांचे गळे थकेपर्यंत तो तिथून हलवला नाही.