सासऱ्याचा अंगरखा

मेलेल्या माणसाचं सोंग घरच्या सुनेनं घ्यायचं, ही त्या गावांची रीत. उत्तरकार्य उरकेपर्यंत तिनं त्याचे कपडे घालायचे, त्याच्यासारखं चालायचं-बोलायचं, आणि सगळ्यांनी तिला त्याच्याच नावानं हाक मारायची. म्हाताऱ्या तिराओगोचं सोंग नोपोकोच्या वाट्याला आलं. दुसरं घेणार तरी कोण? अकरा वर्षं त्या घरात ती आणि सासरा, दोघंच. तिचा नवरा सागा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दक्षिणेकडे कोकोच्या मळ्यांत कामाला गेला, तो गेलाच. ना निरोप, ना पत्ता.

सासऱ्याचा निळा अंगरखा चढवून, काठी टेकत, खोकत ती अंगणात आली, तशा बायका पोट धरून हसायला लागल्या.

“अरे म्हाताऱ्या, मेलास तरी खोकला सुटला नाही होय तुझा?” शेजारीण ओरडली.

“तुझीच तंबाखू भोवली मला, भवाने!” नोपोको घोगऱ्या आवाजात म्हणाली. हसू तिलाही आलं. आतून मात्र ती पार खचली होती. तिची विचारपूस करणारं एकच माणूस होतं, तेही गेलं.

तेवढ्यात फाटकाशी गर्दी बाजूला झाली. सागा आला होता. केस पिकलेले, हातात पत्र्याची पेटी. बाप गेल्याचं त्याला बसस्टँडवर कळलं होतं. पेटी टाकून तो सरळ त्या निळ्या अंगरख्यापुढे गुडघ्यांवर बसला.

“बाबा, चुकलो. मला माफ करा.”

सगळे नोपोकोच्या तोंडाकडे बघू लागले. सोंग घेणारी बोलेल ते मेलेल्याचंच बोलणं, त्यापुढे कोणी जात नाही. आणि म्हाताऱ्याचे शेवटचे शब्द एकट्या नोपोकोनं ऐकले होते: ‘तो आला तर सांग, मी रागावलो नव्हतो.’

ती गप्प बसली असती, तर हा माणूस जन्मभर जळत राहिला असता. जळू दे की, तिला वाटलं. माझी अकरा वर्षं कोण भरून देणार आहे? पण अंगावर म्हाताऱ्याचे कपडे होते. त्याचंच बोलणं कसं दाबून ठेवायचं?

“मी रागावलो नव्हतो रे,” ती म्हणाली. आवाज हुबेहूब त्याचा निघाला. “ऊठ आता.”

सागानं हंबरडा फोडला आणि तिच्या पायांना मिठी मारली. अकरा वर्षांत नवऱ्याचा हात तिला पहिल्यांदा लागला, तोही बापाचे पाय म्हणून. मान वर करून तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.