पुलांचा परीक्षक

सियाने तो खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत रचायला घेतला आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत एका कागदाच्या दोन बाजूंत बसवला. दुकानात मिळणाऱ्या असल्या खेळांची नियमांची पुस्तकं विटेएवढी जाड असतात. सियाला ती वीट नको होती. टेबलाभोवती चौघं बसतील, एक जण गोष्ट चालवेल, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतील, एवढंच. प्रत्येकाला एक गोष्ट उत्तम जमते आणि एका गोष्टीची भीती वाटते. काम धोक्याचं असलं तर एक फासा टाकायचा. चार किंवा वर पडलं तर मनासारखं होईल, खाली पडलं तर गोष्ट चालवणारा सांगेल ते सोसायचं.

जगही तिने स्वतःच उभं केलं होतं. नद्याच नद्या असलेला एक देश, प्रत्येक नदीचा स्वभाव वेगळा, आणि गावं सगळी पुलांवर वसलेली. पहिल्या नदीचं वर्णन तिने इतक्यांदा लिहून खोडलं होतं की ते तिला पाठ झालं होतं.

शिकागोजवळ नेपरव्हिलच्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये, डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, पहिला डाव मांडला गेला. खेळायला शाळेतली मैत्रीण मेगन आली होती आणि संजीवकाकांचा कुश आला होता. संजीवकाका आणि सियाचे बाबा शिकागोत एकाच कंपनीत होते, सकाळची गाडीही एकच धरायचे. चौथं कोणी मिळालं नव्हतं. तेवढ्यात बाबाच जिना उतरून आले.

"टेस्टिंग करायचंय म्हणतेस आणि मलाच बोलवत नाहीस?"

सियाला खरोखर आनंद झाला. गुरुनाथ म्हणजे तिचे बाबा, मूळचे नागपूरचे, आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टीमचे मुख्य. लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं हे त्यांचं काम, आणि ते त्यात वाकबगार होते. ऑफिसबाहेरही त्यांचं ते काम चालूच असे. हॉटेलच्या मेनूतली चूक ते वेटरला दाखवत, मराठी मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेतली छापणाऱ्याला. सतरा वर्षांत ते सियाच्या टेबलाशी असे आपणहून येऊन बसले नव्हते.

आपल्या माणसाला काय उत्तम जमतं या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घासाघीस'.

नदी आडवी आली तेव्हा त्यांनी नदीशी घासाघीस केली. सगळे हसले, सियाही हसली. मग बंद दरवाजा आला, त्याच्याशीही केली. मग भिंत आली.

"बाबा, भिंतीशी घासाघीस नाही ना करता येत."

"कुठे लिहिलंय?" त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, दिव्यापुढे धरला. "दाखव. स्पेकमध्ये नाही म्हणजे अलाउड आहे."

शेवटी पाण्यातलं जनावर आलं. सियाने ते महिनाभर मनात वाढवलं होतं. बाबांनी त्याला नोकरीची ऑफर दिली, फासा टाकला, पाच पडलं. जनावर नोकरीला लागलं आणि खेळ संपला. मेगन घड्याळाकडे बघायला लागली होती.

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. सियाने खेळाच्या सुरुवातीला वाचायचं म्हणून लिहिलेलं नदीचं वर्णन त्यांनी उचललं आणि उभं राहून, बातम्या देतात तसल्या आवाजात मोठ्याने वाचलं. प्रत्येक विशेषणाशी ते थांबत आणि भुवया उंचावत.

"एका वाक्यात चार विशेषणं! ही नदी आहे की दाखवायला बसवलेली मुलगी?"

कुश हसला. त्याने मेगनला त्याचा अर्थ सांगितला, मग तीही हसली. सियाला ते मेगनचं हसू सगळ्यात जास्त लागलं.

"म्हणजे समर याच्यात गेला," बाबा खाली बसत म्हणाले. "एसएटीचा स्कोअर आला तेव्हाच मला वाटलं होतं." आणि कॉलेजप्रवेशाच्या त्या परीक्षेतला तिचा स्कोअर त्यांनी सांगूनही टाकला. मेगनचा तिच्याहून बराच वर होता.

सियाचे डोळे भरून आले. बाबांना त्याचं नवल वाटलं. त्यांनी खरोखर गमतीतच घेतलं होतं सगळं.

"रडतेस काय? टेस्टरने बग दाखवला की डेव्हलपरने थँक यू म्हणायचं असतं. म्हण."

बाबा वाट बघत राहिले.

"थँक यू," सिया म्हणाली.

तिने खेळ फेकला नाही. आठवडाभर ती बेसमेंटमध्ये गेली नाही, मग गेली, कागद काढला, आणि तिच्या लक्षात आलं की बाबांचं म्हणणं बरोबर होतं. जमणारी गोष्ट इतकी मोकळी ठेवली की माणूस कशातूनही निसटतो. आणि भीतीचा रकाना नुसताच लिहिलेला होता, त्याचा खेळात कुणाला काही त्रासच नव्हता. तिने नियम बदलला. गोष्ट चालवणारा प्रत्येक खेळाडूची भीती डावात एकदा समोर आणणार, आणि ती समोर आली की त्या खेळाडूने उठायचं नाही, उत्तर द्यायचं. कुशला आणि मेगनला घेऊन तिने हा नियम खेळून पाहिला. मेगनच्या माणसाला आंधळं होण्याची भीती होती. त्या डावानंतर मेगन फासा हातात खेळवत म्हणाली, "पुन्हा कधी खेळायचं?"

जानेवारीत एका सकाळी, कचऱ्याची गाडी यायच्या आधी, सिया मोठा डबा बाहेर ढकलायला गॅरेजमध्ये गेली. बाबा गाडीत बसले होते. इंजिन बंद, अंगात ओव्हरकोट, आणि काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ. फोन स्पीकरवर होता. पलीकडे हैदराबादहून कोणी तरुण मुलगा बोलत होता.

"सर, सॉरी, परत विचारतोय."

"नो, नो, गुड क्वेश्चन," बाबा म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते घरात कधी बोलले नव्हते. "विचार, हवं तितकं विचार. एप्रिलपासून हे सगळं तूच बघणार आहेस. मी मार्चपर्यंत आहे. मी गेल्यावर तुला काही अडायला नको."

"सर, मग तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?"

बाबांनी बाहीने काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाले, "ते बघू. तू पुढचं विचार."

सिया डब्यावर हात ठेवून उभी राहिली, मग पावलांचा आवाज न करता आत आली. आई स्वयंपाकघरात बाबांचा डबा भरत होती आणि येत्या मे महिन्यात किचनचे ओटे बदलायचे म्हणून सँपलचे तुकडे खिडकीत मांडून बघत होती. आईला काही माहीत नव्हतं. सियाला बाबांचं फार वाईट वाटलं. दात घासून होईपर्यंत ते वाईट वाटणं टिकलं. शाळेच्या बसमध्ये बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की बाबांच्या माणसाची भीती तिला सापडली आहे.

फेब्रुवारीत तिने त्यांना स्वतः बोलावलं. "या वेळी कॅरेक्टर्स मीच बनवलीत. म्हणजे टेस्ट नीट होईल."

"कंट्रोल्ड टेस्ट," बाबा खूश झाले. "शिकलीस."

त्यांना तिने राजाच्या पुलांचा परीक्षक केलं. सैन्य पुलावर चढण्याआधी हा पुढे जातो, काठीने फळ्या ठोकतो, कुठली फळी मोडेल ते सांगतो. बाबांना ते भारी आवडलं. ते नीट खेळलेही. टेबलावर पेन्सिल ठोकून त्यांनी मेगनला आणि कुशला एका सडक्या पुलावरून सुखरूप पार नेलं, आणि मेगन म्हणाली, "तुझे बाबा कसले मस्त खेळतात." सियाने ते ऐकलं. थांबायचं असतं तर तिथे थांबता आलं असतं.

"दरबारातून निरोप येतो," ती म्हणाली. "राजाने समुद्रापलीकडून एक तरुण परीक्षक आणलाय. तो कमी पगार घेतो. वसंत ऋतूपर्यंत त्याला सगळं शिकवायचं, आणि मग काठी त्याच्या हातात देऊन निघून जायचं."

बाबांची पेन्सिल थांबली.

"तो तरुण तुमच्याजवळ येतो. फार अदबीने बोलतो. म्हणतो, सर, सॉरी, परत विचारतोय."

कुश हसला. मेगन पुढे सरकून बसली. बाबांनी सियाकडे पाहिलं, आणि तिला कळलं की त्यांना कळलं.

"मी राजाकडे जातो," ते म्हणाले.

"टाका."

दोन पडलं.

"राजा भेटत नाही. सेक्रेटरी सांगतो, तुमचं काम फार चांगलं होतं. तरुण अजून उभा आहे. विचारतो, सर, मग तुम्ही कुठे जाणार?"

बाबांनी आवाज खाली आणला. टेबलावर सगळं इंग्रजीत चाललं होतं, आता ते मराठीत बोलले. "सिया, पुरे."

मेगनला ते कळलं नाही. कुशला कळलं. सिया मोठ्याने, सगळ्यांना समजेल अशा इंग्रजीत म्हणाली, "हे तुम्ही म्हणताय की कॅरेक्टर?"

उठून जाता आलं असतं त्यांना. पण नियमात उठायचं नाही असं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेला नियम मोडणं त्यांच्या हाडात नव्हतं.

"कॅरेक्टर," ते म्हणाले.

"मग उत्तर द्या त्याला."

"सांग त्याला..." बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "सांग, ते बघू. तू पुढचं विचार."

त्यांनी त्या तरुणाला शिकवलं. फळ्या कशा ऐकायच्या, पावसानंतर कुठे पाय ठेवायचा. सिया तरुणाच्या तोंडून एकेक प्रश्न विचारत गेली, आणि बाबा प्रत्येकाचं नीट, पूर्ण उत्तर देत गेले. शेवटी त्यांनी काठी दिली. "ओ माय गॉड, किती बिचारा आहे हा!" मेगन म्हणाली. "आय लव्ह हिम." बाबा किंचित हसले, सगळ्यांचे सोड्याचे कॅन गोळा केले आणि वर गेले. सियाचे कान तापले होते. असा डाव तिने आजवर चालवला नव्हता, आणि हे तिला ठाऊक होतं.

कुशने घरी जाऊन सहज विचारलं, गुरुकाकांची नोकरी जातेय का? संजीवकाकांनी ऑफिसात चौकशी केली. दोन दिवसांत कुशच्या आईचा, विनीताकाकूंचा, आईला फोन आला.

"पद्मिनी, काही लागलं तर संकोच करू नको हं. आणि ओट्यांचं कॅन्सल कर, सध्या नको घालूस त्यात."

आईने फोन ठेवला. सिया टेबलाशी होमवर्क करत होती.

"विनीता काय म्हणतेय?" आई म्हणाली. मग तिने सियाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

सियाने होकारार्थी मान हलवली.

"आणि मला विनीताकडून कळतंय."

त्या संध्याकाळी आई-बाबांच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला नाही. आईने एकदाच विचारलेलं सियाला ऐकू आलं, "मला का नाही सांगितलंत?" आणि बाबा म्हणाले, "नवीन काही हातात आलं की सांगणार होतो." मग मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाचे फोटो वाटायला आलेली माणसंही बाबांशी खालच्या आवाजात बोलायला लागली. ज्यांच्या चुका ते दाखवत आले होते, ती सगळी त्यांच्याशी फार चांगली वागत होती. बाबांना ते सोसवेना. एप्रिलमध्ये दूर पूर्व किनाऱ्याकडे, पार्सिपनीला, कॉन्ट्रॅक्टवर, हाताखाली कोणी नसलेलं काम मिळालं. सियाची शाळा पुरी व्हायची होती, म्हणून ते एकटेच गेले.

खेळ मात्र शाळेत पसरला. मेगनने सगळ्यांना परीक्षकाची गोष्ट सांगितली होती. जो येई तो म्हणे, तो म्हाताऱ्या परीक्षकाचा सीन कर ना. सिया करायची. आता दोघांचेही आवाज तीच काढायची, आणि लोक टेबलावर थापा मारून हसायचे, काही जणांच्या डोळ्यांत पाणीही यायचं.

रविवारी बाबांचा फोन यायचा. सिया जन्मल्यापासून ते तिच्याशी मराठीतच बोलत आले होते. ती इंग्रजीत उत्तर देई, तरी ते मराठीतच पुढे जात. पार्सिपनीहून मात्र ते तिच्याशी इंग्रजीत बोलत. ऑफिसातल्या कोणाशी बोलावं तसं, स्वच्छ आणि अदबीने. शाळा कशी आहे, गाडीतलं ऑइल बदललं का, ओके, गुड.

जूनमध्ये एका रविवारी तिने आईने फोन मागायच्या आत, आधी मनात घोकलेलं वाक्य मराठीत म्हटलं. "बाबा, मी... मी चुकले. त्या दिवशी. मला तसं नव्हतं करायचं."



"दॅट्स ऑल राइट, सिया," बाबा म्हणाले. "थँक यू फॉर टेलिंग मी. एनीथिंग एल्स?"

घोकलेलं वाक्य तेवढंच होतं.

"ओके देन. गिव्ह द फोन टू युअर मदर."