जमुनाबाईच्या अंगठ्याचा ठसा

मित्रांनो, सडक अर्जुनीच्या बसथांब्याजवळ भुवनेश्वरभाऊंचे सेवा केंद्र आहे. तिथे खिडकीखाली जो राखाडी, चपटा खोका दिसतो, तो मी. मी एक जुना स्कॅनर आहे. कागदाची हुबेहूब प्रत संगणकात उतरवणे हे माझे काम.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. भुवनेश्वरभाऊंनी मला गोंदियाहून आणले, तेव्हा बसमध्ये मांडीवरून खाली ठेवले नाही. पुढची कितीतरी वर्षे माझ्या काचेवर सातबारे आले, गुणपत्रिका आल्या, जातीचे दाखले आले. पुसट अक्षरसुद्धा मी नीट उचलतो, असे भाऊ येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मला फार बरे वाटे.

मग मोबाईल आले. लोक कागदाचा फोटो काढून मोकळे होऊ लागले. माझ्यावर कापड पडले आणि कापडावर जुन्या फायलींचा ढीग. दोन वर्षे मी दिवा लावला नाही.

आणि एका सकाळी सौंदडच्या ललिताबाई हातात एक लिफाफा घेऊन आल्या.

ललिताबाई मुरमुरे करणाऱ्या बावीस बायांचा गट चालवत. ढाब्यांना आणि दुकानांना माल जाई. गटाचे बँक खाते कागदपत्रांत अडकले होते, म्हणून वर्षभर विक्रीची रोकड ललिताबाईंच्या खात्यात भरली गेली आणि तिथून जिची तिला वाटली गेली. लिफाफ्यातले पत्र आयकर खात्याचे होते. खात्यात भरलेले एकोणीस लाख हे ललिताबाईंचेच उत्पन्न धरले होते, आणि त्यावर सहा लाखांहून जास्त कर मागितला होता.

भाऊंनी संगणकावर आयकराच्या संकेतस्थळावरचे त्यांचे खाते उघडले. खुलासा मागणाऱ्या चार नोटिसा तिथे होत्या. त्या ज्या ईमेलवर गेल्या, तो पॅन कार्ड काढून देणाऱ्या एका दुकानदाराने स्वतःचाच टाकलेला होता. ते दुकान केव्हाच बंद पडले होते. उत्तर आले नाही, म्हणून एकतर्फी आदेश निघाला होता.

ललिताबाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, मले एक डाव इचारलं असतं तं सारं सांगितलं असतं. आता मी बायांले काय सांगू?"

गावात कुजबुज सुरू झालीच होती. आपले पैसे बुडाले का, असे गटातल्या सुशिलाबाईंनी दोनदा विचारले होते. तीन बायांनी माल देणे थांबवले होते.

भाऊंनी गोंदियाच्या दीप्ती वकिलांना फोन लावला. त्या कर खात्याचीच प्रकरणे पाहत. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. त्यांनी सांगितले की आदेशावर अपील करता येते. मुदत उलटून तेहतीस दिवस झाले होते, पण नोटीस हातात पडलीच नाही, हे कारण खरे आहे, ते लिहून उशीर माफ करायची विनंती करता येते. मग त्यांनी विचारले, "पैसे बायांचे होते, हे दाखवणारं काही आहे का?"

ललिताबाईंनी पिशवी उलटी केली. सहाशे अकरा चिठ्ठ्या! प्रत्येक चिठ्ठीवर माल किती, पैसे किती दिले, आणि घेणारीची सही किंवा अंगठा. भाऊंनी मोबाईलने फोटो काढून पाहिला. पेन्सिलीचे आकडे दिसेनात, अंगठ्याचा नुसता डाग दिसे.

भाऊ उठले. त्यांनी फायली बाजूला सारल्या, कापड ओढले आणि माझी काच ओल्या फडक्याने पुसली. मित्रांनो, माझा दिवा आधी लुकलुकला, मग लख्ख पेटला. माझ्या अंगात नुसती वीज सळसळत होती!

एका वेळी चार चिठ्ठ्या. गटातल्या बाया मदतीला येऊन खाली बसून तारखेप्रमाणे चिठ्ठ्या लावत होत्या, ललिताबाई त्या माझ्या काचेवर मांडत होत्या, भाऊ बटण दाबत होते. दुपारी वीज गेली. सगळे दाराशी जाऊन खांबाकडे पाहत उभे राहिले. वीज येताच पुन्हा धावपळ. शेवटची चिठ्ठी उचलली, तेव्हा माझे झाकण चटका बसेल इतके तापले होते. त्याच संध्याकाळी अपील दाखल झाले, आणि निकालापर्यंत वसुली थांबवावी, असा अर्जही गेला. तो मान्य झाला.

काही महिन्यांनी सुनावणी लागली, तीही भाऊंच्या संगणकावरून. दारात बायांची गर्दी. पडद्यावरचे अधिकारी हिंदीत बोलत होते. दीप्तीताईंनी मुद्दे मांडले. मग साहेबांनी त्यांना थांबवून ललिताबाईंनाच सांगायला सांगितले. धान भिजवण्यापासून पैसे वाटण्यापर्यंत ललिताबाईंनी सगळे सांगितले.

साहेबांनी एक चिठ्ठी पडद्यावर आणली. हा अंगठा कोणाचा, असे विचारले. तो ठसा मीच उचलला होता. त्या साहेबांनी कागद खरोखर पाहिले होते!

दारातून गटातल्या जमुनाबाई पुढे आल्या. भट्टीवर भाजलेला, आडवा व्रण असलेला अंगठा त्यांनी पडद्यासमोर धरला. "माहाच आहे जी साहेब. पैसे मले भेटले."

पंधरा दिवसांनी निकाल आला. उशीर माफ झाला होता. म्हणणे न ऐकता दिलेला आदेश रद्द करून, पुरेसा वेळ देऊन प्रकरण नव्याने तपासावे, असे त्यात लिहिले होते. नवी नोटीस ललिताबाईंच्या स्वतःच्या मोबाईलवर आली, उत्तराला तीन आठवडे मिळाले. चाळीस हजारांच्या चिठ्ठ्या सापडल्या नव्हत्या. ललिताबाईंनी ते लपवले नाही. तेवढीच रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली गेली, बाकीची बायांची मानली गेली, आणि उत्पन्न करमर्यादेच्या आत राहिल्याने कर शून्यच निघाला.

ज्या तीन बायांनी माल थांबवला होता, त्या पोती घेऊन परत आल्या. ललिताबाईंनी त्यांना आत घेतले. पोती वजनाला लावली आणि चिठ्ठ्या लिहून सहीला पुढे केल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी अधिकारी होतील, कोणी पंच, कोणी शिक्षक. कोणाला दोषी ठरवण्याआधी त्याला निरोप पोचला का, ते बघा, त्याला वेळ द्या, आणि तो बोलेल तेव्हा ऐका. आणि घरात आलेला सरकारी कागद तसाच फळीवर टाकू नका. माझ्या काचेवर कागद पालथा ठेवावा लागतो. पण ठेवण्याआधी तो एकदा सरळ धरून वाचा.