भोंग्याची ओळ

जिनिंगच्या कारखान्यात कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या नव्या प्रेसची ती पहिली चाचणी. फाटकापासून पाथरी रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मालक व्यंकटराव बटणावर बोट ठेवून उभे.

"लावू का मॅडम? गाडीवाले शिव्या द्यायलेत."

संघप्रियाने कंट्रोल रूमच्या काचेतून पाहिलं. प्रेसचा प्रोग्राम तिचाच होता. कापूस दाबायच्या पेटीच्या दारातून बाहेर आलेले दोन अनवाणी पाय तिला दिसले.

"काका, आत कोण आहे?"

"बायनाबाई हाय. भरताना अडकलेला कापूस काढायलीय. भोंगा वाजला की निघती. भोंग्याबिगर इथली मशीन हालतच न्हाई."

खरं होतं. भोंगा प्रोग्रामच्या मूळ क्लासमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनच्या सामायिक साच्यात होता. तिचे वरिष्ठ महारुद्रसर यांनी सगळ्या मशीनसाठी तो एकच क्लास लिहिला होता. त्यातली 'चालू' ही मेथड, म्हणजे ठरलेल्या आज्ञांची मालिका, आधी भोंगा वाजवी, अर्धा मिनिट थांबे, मग मोटर सोडी. प्रेसचा क्लास त्याचाच वारस. वारशात सगळं येतं.

सगळं?

प्रेसला आधी तेलाचा दाब लागतो, म्हणून तिने आपल्या क्लासमध्ये 'चालू' नव्याने लिहिली होती. नाव तेच. त्याच नावाची नवी मेथड आली की मूळची मागे पडते, आपणहून चालत नाही. 'सुपर' लिहून तिला हाक मारावी लागते.

ती हाक मारली होती का?

"लावतो मी," व्यंकटराव म्हणाले.

संघप्रियाने त्यांचं मनगट धरून ओढलं. "भोंगा वाजणार नाही! बाईंना बाहेर काढा, आधी बाहेर काढा!"

"काय बोलायलात?"

"काका, पळा!"

तिचा चेहरा पाहून ते खरंच पळाले. सरकी काढणाऱ्या जिन मशीनच्या आवाजात हाक पोचेना. शेवटी त्यांनी बायनाबाईचा पाय धरून हलवला.

"आवो मालक, पाय कशाला धरायलात? इलेक्शन हाय का?" म्हणत ती बाहेर आली.

संघप्रियाने प्रोग्रामची फाइल उघडली. तेलाचा दाब, मग थेट मोटर. भोंगा नव्हताच. दाबाखालची मोटर सोडण्याची आपली ओळ तिने काढली आणि तिथे 'सुपर' लिहून मूळ 'चालू'ला हाक मारली: आता दाब, मग भोंगा, मग मोटर. एक अक्षर तिने तीनदा खोडलं.

व्यंकटराव परतले, पण बटणाला हात लावीनात. "तुमीच दाबा."

तिने दाबलं.

भोंगा वाजला. दाराबाहेर सुखरूप उभी असलेली बायनाबाई सवयीने आणखी चार पावलं मागे सरली. मोटर सुरू होईपर्यंत संघप्रियाने तिच्यावरची नजर काढली नाही.