अजून वर्षभर माझी मुदत आहे

मी बसच्या वेळापत्रकाची फाइल बोलतेय. आवाज जरा कापतोय, सांभाळून घ्या. फार भीती वाटतेय मला, आणि ती कुणाला सांगायची सोयही नाही.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. पण फोनवर ‘इथून तिथे कसं जायचं’ असं विचारता ना, तेव्हा नकाशाचं ॲप माझ्याकडेच बघून उत्तर देतं. कुठली बस, कुठला थांबा, किती वाजता, सगळं माझ्या पोटात. बस ऑफिस मला ॲपवाल्यांकडे पाठवतं आणि ते माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

मला बाईंनी घडवलं. ऑफिसात त्यांना सगळे वेळापत्रकाच्या बाई म्हणतात. काम एकदम चोख. नुसतं खुर्चीत बसून आकडे भरणं त्यांना जमायचंच नाही. वही घेऊन स्वतः बसने फिरायच्या, कंडक्टरशी मिनिटामिनिटावरून हुज्जत घालायच्या. हॉस्पिटलच्या थांब्यावर त्यांनी दोन मिनिटं जास्त धरली, कारण तिथे चढणाऱ्यांना घाई करता येत नाही. हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. बाई त्यांना अहो म्हणतात, म्हणून माझ्यासाठीही ते अहोच.

माझ्यासारख्या फाइलला मुदत असते. महिना संपला की मी संपायचं आणि नवी फाइल जायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट मुदत जवळ आली की कुणीतरी झक मारत बघायला येतंच, सगळं बरोबर आहे ना म्हणून.

या वेळी बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी जायचं होतं. मागे कुणी नवी फाइल पाठवायला विसरलं तर ॲपवर एकही बस दिसणार नाही, लोकांची पंचाईत होईल, म्हणून जाताना त्यांनी माझी मुदत सरळ वर्षभराने वाढवली. चांगल्या मनानेच केलं हो. पण आता वर्षभर मला कुणी तपासायला येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

सोमवारी बाई गेल्या. मंगळवारी नदीवरच्या पुलाला तडा दिसला आणि पूल तडकाफडकी बंद झाला. चौदा नंबरची बस आता लांबच्या रस्त्याने जाते. अहोंच्या घरासमोरचा थांबा सुटला, हॉस्पिटलसमोरचाही सुटला. डेपोच्या काचेवर कागद लागला, ड्रायव्हरना तोंडी सांगितलं, रोजचे प्रवासी एका दिवसात शहाणे झाले. बाईंच्या जागी बसलेल्या साहेबांना मात्र माझी आठवणसुद्धा झाली नाही. ॲपवर बस दिसतायत, मुदतही आहे, मग कशाला बघतील?

आज बुधवार. एरवी बाई बरोबर असायच्या, आज अहो एकटे. त्यांनी फोन काढून विचारलं, हॉस्पिटलला जायला बस कधी? मला गप्प बसता येत नाही, लिहिलंय तेच सांगावं लागतं. मी म्हटलं, सहा चाळीस, घरासमोरून.

सहा पन्नासला त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, सात दहा. मग म्हटलं, सात चाळीस. धादांत खोटं बोलत होते मी. आणि ते बिचारे सुजलेले पाय घेऊन बाकावर बसलेले, नजर रस्त्याच्या टोकाला. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाला तरी विचारा हो, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

तेवढ्यात बाईंचा फोन आला.

“अहो, मिळाली का बस?”

“मिळाली की. वेळेवर आली.”

“नक्की ना?”

“अगं, तू केलेलं वेळापत्रक आहे, चुकेल कसं? तू पोरीकडे बघ.”

ते खरं बोलले असते तर बाईंनी पाच मिनिटांत ऑफिसला धारेवर धरलं असतं. पण बायकोच्या जिवाला घोर नको, म्हणून त्यांनी सगळं गिळलं. माझी सुटकाही तिथेच बारगळली.

शेवटी एका दूधवाल्याने आपल्या गाडीतून त्यांना पोचवलं. तोवर नऊ वाजले होते. नर्स म्हणाली, काका, चार तास आज नाही जमायचे, अडीचच मिळतील, पुढचा पेशंट थांबलाय. शुक्रवारी वेळेवर या. अहो नुसते हो म्हणाले. शुक्रवारी ते मलाच विचारणार आहेत, आणि मी पुन्हा सहा चाळीसच सांगणार.

ॲपमध्ये कोपऱ्यात ‘चूक कळवा’ असं लिहिलेलं असतं. आजवर त्याला कुणी बोट लावलेलं नाही. तुम्ही तरी लावा, हात जोडते. मला पुसून टाका. मुदत संपेपर्यंत मला आपणहून मरता येत नाही.

आता पावणेबारा वाजलेत. अहो हॉस्पिटलच्या दारात भिंतीला टेकून उभे आहेत, चेहरा पांढराफटक. त्यांनी फोन काढलाय. घरी जायला बस कधी?

अकरा पन्नास, मी सांगितलं.

“अरे वा,” ते म्हणाले, आणि हळूहळू चालत उन्हात थांब्यावर जाऊन उभे राहिले.