साहेब आणि हिवरखेडचे गोटे

दर्यापूरकडच्या शिवारात एक मोठी सोय आहे. बांधाधुऱ्यावरचं भांडण कितीही पेटलं तरी कोणी कोणाला दगड मारू शकत नाही, कारण दगडच नाही. कोसभर चाला, त्या काळ्या मातीत हरभऱ्याएवढा खडा सापडणार नाही. पार्बताबाईची अडचण नेमकी हीच होती.

सारं गाव सोयाबीन आणि कपाशी पेरायचं, आणि ही पासष्टीची बाई दरवर्षी हट्टाने दोन एकर ज्वारी. त्यामुळे पंचक्रोशीतल्या पाखरांना दुसरी खानावळच उरली नव्हती. भोरड्या, राघू, चिमण्या, सगळे आवतण दिल्यासारखे तिच्याच वावरात उतरत. ती वावरातल्या उंच माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. गोफणीचे गोटे तिचा धाकटा भाऊ ओमप्रकाश हिवरखेडच्या नदीतून वेचून दर पोळ्याला पोतंभर आणायचा. बाकीच्या बायांना माहेरून लुगडं येतं, हिला गोटे येत. गाव हसायचं. ती म्हणायची, लुगडं फाटते.

यंदा उन्हाळ्यात ओमप्रकाश वारला. जुन्या पोत्याच्या तळाशी वीस-बावीस गोटे होते, तेवढेच.

"मामा गेले. आता गोटे कोन आनीन?" तिचा मुलगा गोपाल म्हणाला. "यंदा पाखरायनं खाल्ली जवारी, तं पुढच्या साली तेथी सोयाबीन."

"सोयाबीनची भाकर थापून दाखवते का तुही बायको?"

गोपालने रस्त्यावरची खडी आणून दिली, ती गोफणीतून वाकडीच जायची. मग बाजारातून चमकणाऱ्या पट्ट्या आणून वावरभर बांधल्या. दोन दिवसांत राघू त्यांच्यावर झोके घेऊ लागले.

पोळ्याला ओमप्रकाशचा मुलगा अंकुर अकोल्याहून आला. बापाचा नेम मोडू नये म्हणून आला खरा, पण पोतं नव्हतं. काखेत लोंबत्या कानांचं पिवळसर पिल्लू होतं. अकोल्यात जठारपेठेतल्या घरमालकाने कुत्रं ठेवू दिलं नाही, ही गोष्ट त्याने गिळून टाकली.

"आत्या, नदीत गोटेच नाई राह्यले. रेतीसंगं सारे ट्रॅक्टरनं गेले. पन हे पाय, हे शिकारी कुत्रं हाय. फॉरेनमंदी याले पक्ष्याच्या शिकारीले नेतात. बंदुकीचा बार झाला का हे जाते, अन्..."

"पक्षी मारते ना? मंग झालं तं."

पुढचं ऐकून घ्यायची पार्बताबाईला सवय नव्हती. कीर्तनातूनही ती अर्ध्यात उठून यायची, कारण शेवटी देवच जिंकणार हे तिला आधीपासून ठाऊक असायचं.

पिल्लू जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आलं होतं. खाणं वेळेवर, झोप भरपूर, काम शून्य. तिने त्याचं नाव साहेब ठेवलं.

शिकवणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. कोंबडीची पिसं चिंधीला बांधून ती साहेबासमोर नाचवायची आणि "छू" म्हणायची. चिंधीवर झेप घेतली की बक्षीस म्हणून एक वाळलेला झिंगा. ते झिंगे ठेवायला तिच्याकडे एकच जागा, कमरेची पिशवी. गोटेही त्याच पिशवीत. दोन महिन्यांत गोट्यांना झिंग्याचा असा वास लागला की माशा घोंघावू लागल्या, पण हे तिला कळायचं कारण नव्हतं. जन्मभर तपकीर ओढून तिच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता.

कणसं दुधात आली, तशी ती साहेबाला घेऊन वावरात गेली. भोरड्यांचा थवा उतरला. साहेबाने मान वर करून पाहिलं, जांभई दिली आणि ज्वारीच्या सावलीत अंग टाकलं. थोड्या वेळाने एक साळुंकी त्याच्या पाठीवर बसून गोचीड टिपू लागली. साहेब डोळे मिटून सेवा करून घेत होता.

"माय, शिकार कोन कोनाची करून राह्यलं?" गोपालने धुऱ्यावरून विचारलं.

पार्बताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गोफणीत गोटा घालून गरागरा फिरवली आणि सोडली. नेम पाखरांवर होता की साहेबावर, हे तिलाही सांगता आलं नसतं. थवा भुर्रकन उडाला. गोटा वावराच्या मधोमध पडला. साहेब ताडकन उठला, ज्वारीत घुसला, आणि तोंडात गोटा धरून परत आला. माळ्याखाली तो ठेवून जीभ काढून बसला.

"पक्षी मार म्हटलं तं गोटा आनते. मूर्ख कोठचा."

तिने खाली उतरून तोच गोटा आणखी लांब भिरकावला. साहेबाने आणला. तिसऱ्यांदाही आणला. पाचव्या खेपेला पार्बताबाई साहेबाजवळ खाली बसली. तिचे वीस-बावीस गोटे आता संपणार नव्हते.

तिने साहेबाला मूठभर झिंगे घातले आणि अंकुरला फोन लावला. "तुले पुरतं सांगता येत नाई का रे?"

"तू ऐकून घेतलं का आत्या? ते मारत नाई, पडलेलं उचलून आनते."

तिने फोन ठेवून दिला.

त्या हंगामात भोरड्यांना दिवसभर बूड टेकता आलं नाही. कणसांत दाणा राहिला आणि ज्वारी खळ्यावर आली. गोपाल मात्र अजून अडूनच होता. "हे गोटे किती साल पुरतीन? कुत्रं बी एखादा हरवते ना."

वावर मोकळं झालं, जमिनीला भेगा पडल्या. साहेबाला आता झिंग्याचं काही राहिलं नव्हतं, गोट्याचंच वेड लागलं होतं. त्या दिवशी गोफण घरी खुंटीला होती, तरी तो मातीने माखलेला एक गोटा घेऊन आला. मग दुसरा. भेगांत तोंड खुपसून, पायांनी उकरून, एकेक आणत राहिला. धुऱ्यावर ढीग झाला.

"हे कोठचे?" गोपालने विचारलं.

पार्बताबाईने एक गोटा पदराने पुसला. गुळगुळीत, मधे पांढरी रेघ. "आपल्या वावरात गोटा हाय, म्हंजे तो हिवरखेडचाच. दुसरा येईन कोठून?"

चाळीस वर्षं ओमप्रकाश आणत होता, ती फेकत होती आणि माती गिळत होती. ते सगळे गेले असं ती धरून चालली होती. ती धुऱ्यावर बसली आणि भावासाठी मोठ्याने रडली. उन्हाळ्यात लोकांसमोर असं रडायला तिला जमलं नव्हतं. साहेबाला वाटलं ही कामचुकारपणा करते आहे. त्याने आणखी एक गोटा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

गोपाल गुरांच्या कोठ्यात गेला आणि रिकामं पोतं घेऊन आला.

"पुढच्या साली जवारीचंच बियाणं आनतो," तो खाली पाहत म्हणाला.

पार्बताबाईने नाक पुसलं. "पोतं नीट धर. साहेब येऊन राह्यले."