गाठीवरचा पारवा

सकाळची धार काढून झाली होती. रिठदच्या जगदेवानं बैलांपुढे कडबा टाकला आणि गोठ्याच्या आढ्याकडे पाहिलं. तिथं पारव्यांची घरटी होती. त्याच्या बायकोनं, गोजरानं, ती कधी मोडू दिली नव्हती. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं, तरी त्यांच्यापुढे मूठभर ज्वारी टाकायचं जगदेवानं सोडलं नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, प्रयागचा, नवरा जानराव आला. घर गावातच, पण हा सणावारावाचून येणारा माणूस नव्हे. त्यानं बैलाच्या खुराची चौकशी केली, तंबाखू मळली, आणि मग वर न पाहता म्हणाला, "भाऊ, एक पारवा पायजे होता."

जगदेवाच्या हातातली पेंढी तशीच राहिली. पारवा कशाला मागतात हे त्याला विचारावं लागलं नाही. बाईच्या छातीत गाठ आली तर ती कुणाला सांगायची नाही, घराची लाज जाते. गुपचूप बबनबुवाला बोलवायचं. बुवा ओसरीवर बसून मंत्र म्हणतो. आत घरातली म्हातारी त्या गाठीवर जिवंत पारवा ठेवते आणि वरून कापडानं आवळून बांधते. पारवा मेला म्हणजे रोग त्याच्यात उतरला. मग गूळ वाटायचा.

"प्रयागले?" जगदेवानं विचारलं.

जानरावानं मान हलवली. "माय म्हणते, नातलगाच्या घरचा असन तं गुण लवकर येते."

गोजराच्या वेळीही असाच पारवा मेला होता आणि असाच गूळ वाटला होता. पोळ्याच्या सुमारास गाठ फुटली. लुगड्याला पू लागायचा. खोलीत असा वास सुटला की शेजारणी दारातूनच नाकाला पदर लावून परत जात. माशा मात्र हटत नसत. गोजरा हसून म्हणायची, "आता माशाइलेच माही माया."

अखेर जगदेवानं लाज सोडली आणि तिला वाशीमहून आगगाडीनं अकोल्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं यंत्रापुढे उभं करून तिच्या छातीचा फोटो घेतला. काळ्या फिल्मवर फासळ्या दिसत होत्या आणि फासळ्यांमागे कापसाच्या बोंडांसारखे पांढरे डाग. रोग फुप्फुसात गेला, आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टरनं सांगितलं.

जगदेव म्हणाला, पण पारवा तर मेला होता.

डॉक्टर रागावला नाही. त्यानं दुसरी एक फिल्म उजेडासमोर धरली. तिच्यात उंदराची बारीक बारीक हाडं होती आणि कुशीत एक गोळा. डॉक्टर पूर्वी मुंबईला एका प्रयोगशाळेत होता. तिथं उंदरांच्या कातडीला डांबर फासून गाठी आणत, एका उंदराची गाठ दुसऱ्यात लावत, आणि ती कशी वाढते ते पाहत. मुक्या जिवाला मुद्दाम रोग लावायचा, हे कुठलं शहाणपण, असं जगदेवानं तोंडावर विचारलं.

"मलाही ते काम आवडत नव्हतं," डॉक्टर म्हणाला. "पण काही उंदरांना औषध देत होतो, काहींना देत नव्हतो. दोन्हीकडचे सारखेच मेले तर औषध खोटं, असं कबूल करत होतो. तुमच्या बुवानं कधी निरोगी माणसाला पारवा बांधून पाहिला का?"

गोजरा गेली. तो प्रश्न मात्र काट्यासारखा जगदेवाच्या मनात राहिला.

आता तो शिडी लावून आढ्यावर चढला आणि त्यानं दोन पारवे काढले. एकच लागतो, असं जानराव म्हणाला. असू द्या, म्हणत जगदेव त्याच्यामागे निघाला.

जानरावाच्या ओसरीवर बुवा चहा पीत बसला होता. प्रयाग आत होती, दाराला घोंगडीचा पडदा. तिच्या सासूनं, सोजरबाईनं, एक पारवा आत नेला. बुवा पुटपुटू लागला. आधी पंखांची फडफड ऐकू आली, मग नुसती खरखर, मग तीही थांबली. सोजरबाई पारवा उताणा धरून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिनं गुळाची परात आणायला सांगितलं.

"थांबा मावशी," जगदेव म्हणाला. त्यानं अंगातली बंडी काढली आणि दुसरा पारवा आपल्या उघड्या छातीवर ठेवला. "बुवा, तेच कापड घ्या आन तसंच आवळा."

"तुले कायचा रोग झाला गा?" बुवा हसला.

"कायचाच नाही. मनून तं बांधा मनतो."

बुवा हलेना, तेव्हा जगदेवानं जानरावाला कापडाचं टोक धरायला लावलं आणि स्वतःच आवळलं. पारव्याचं काळीज त्याच्या काळजावर आपटत होतं. नख्या कातडीत रुतल्या. गोजराच्या हातून दाणे खाल्लेलं ते पाखरू त्याच्या छातीवर गुदमरत होतं, आणि त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली. पण त्यानं कापड सैल केलं नाही. फडफड, मग खरखर, मग काही नाही.

त्यानं दोन्ही पारवे बुवासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"यातला रोगाचा कोनता, दाखवा."

बुवानं एक उचलला, दुसरा उचलला, परत ठेवला. म्हणाला, "तुह्याही आंगात असन रोग. तुले मालूम नाही."

ओसरीवर जमलेल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. जगदेव शांतपणे म्हणाला, "बरं. मंग आता सोजरमावशीले बांधू. मंग जानरावाले. मंग तुमाले. सारं गाव रोगीच निंघन."

सोजरबाईनं पदर छातीशी घट्ट धरला आणि ती भिंतीला टेकली. तिच्याकडे पाहून कुणी हसलं नाही. बुवानं झोळी उचलली, वेळ बिघडवली म्हणाला, आणि पायरी उतरला. गुळाची परात तशीच राहिली. तिच्यावर माशा बसू लागल्या.

घोंगडी बाजूला झाली. प्रयाग दारात उभी होती. गळ्याशी पीस चिकटलेलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "वयनीच्या खोलीतला वास मले आठोते. गाडी जुप."

सोजरबाई पुटपुटली, लोक काय म्हणतील. प्रयाग तिच्याकडे न पाहता म्हणाली, "मनू द्या. जिती राह्यली तं आयकीन."

अकोल्याला तिची गाठ कापली, छातीचा एक भाग गेला. फिल्मवर या वेळी फासळ्यांमागे डाग नव्हते. किती वर्षं मिळाली ते डॉक्टरनं सांगितलं नाही आणि जगदेवानंही विचारलं नाही. ती घरी येऊन भाकरी थापू लागली. भिंतीपलीकडून बायका तिच्या उजाड छातीबद्दल बोलत. त्यांतली एक मात्र दुपारी हळूच आली आणि डॉक्टरचं घर कुठं आहे ते विचारून गेली.

दिवाळीनंतर शेजारच्या गावचा एक माणूस जगदेवाच्या गोठ्यात आला. त्यानं पाऊसपाणी विचारलं, तंबाखू मळली, आणि वर न पाहता पारवा मागितला.

जगदेवानं ज्वारीची मूठ पाखरांपुढे टाकली. छातीवर नख्यांचे वण अजून होते.

"पारवा भेटनार नाही," तो म्हणाला. "बैल दावनीले बांधेलच हायेत. बाईले घेऊन या, गाडी जुपतो."